दर्या शांत आहे

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चाळिशी उलटल्यावर, तोही कोकणात एका लग्नाला गेलो म्हणून. किनाऱ्यावर उभा राहिलो आणि तोंडातनं निघालं, "एवढाच?" बरोबरचे वऱ्हाडी हसले. माझी मुलं अजून त्यावरनं मला चिडवतात. पण ज्यानं ऐन विशीत जगातले सगळे समुद्र एका भिंतीवर सांभाळले, त्याला एकच समुद्र समोर आणून दाखवला तर तो दुसरं काय म्हणणार.

माझे समुद्र तेरला होते, आमच्या घराच्या सोप्यात, जात्याच्या वरच्या भिंतीवर. उर्दू शाळेतल्या जगाच्या नकाशातली अर्धी आफ्रिका वाळवीनं खाल्ली म्हणून मास्तरांनी तो टाकायला काढला होता. तो मी उचलून आणला. मला आफ्रिकेचं काम नव्हतं. मला पाणी पाहिजे होतं, आणि वाळवीनं पाण्याला तोंड लावलेलं नव्हतं. निजामाच्या राज्यात शिकलो म्हणून माझे समुद्रही उर्दूच. हिंदुस्थानच्या डाव्या अंगाला बहर-ए-अरब, उजव्या अंगाला खलीज-ए-बंगाल, आणि चीन-जपानच्या पलीकडं बहर-उल-काहिल, म्हणजे आळशी दर्या. जगातली सगळ्यात जास्त वादळं ह्या आळशाच्या पोटात जन्मतात हे कळलं, तेव्हा मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा उठलेल्या मला स्वतःविषयी जरा आशा वाटली.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. येडशीच्या स्टेशनात तारबाबू होते. आमच्या सगळ्या पावण्यारावळ्यांत महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा तो पहिला जावई. अव्वा त्यांच्या पानात तूप वाढायला लागली की अप्पा आपली वाटी हळूच मागं घ्यायचे, पुरेल की नाही ह्या धास्तीनं. (आमच्याकडं आईला अव्वा आणि वडलांना अप्पा म्हणतात. कर्नाटक काही लांब नाही.)

छोट्या गाडीच्या रुळांकडेनं जी तार जायची, तिच्यावरच सगळ्या स्टेशनांचे निरोप असायचे. निरोप लातूरचा असो की बार्शीचा, येडशीला तो कानावर पडायचाच. पूल आणि मोऱ्या जपायच्या म्हणून तिच्यावरनं हवेची तारही यायची. बंगालच्या उपसागरात वादळ उठलंय, अमुक ठिकाणी आहे, अमुक दिशेला सरकतंय, जोराचा पाऊस होईल, तयारी ठेवा. दाजी ती ऐकायचे आणि मला सांगायचे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही फलाटावर उभे होतो. रामलिंगाच्या देवळाकडनं आलेली माकडं डब्यांच्या टपांवर बसलेली, आणि ओल्या वासाचा वारा सुटलेला.

"वाऱ्याकडं पाठ कर," दाजी म्हणाले. "आता डावा हात बाजूला पसर. हात जिकडं जातोय तिकडं कुठंतरी ते वादळ आहे. शंभर कोस असंल, दोनशे असंल, पण तिकडंच."

मी हात पसरून उभा राहिलो. खरंच सांगतो, अंगावर काटा आला. आजवर वारा म्हणजे उफणणीच्या कामाचा, एवढंच मला ठाऊक. तो कुठल्या दर्यातनं कुणाचा तरी पत्ता घेऊन येतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी किती वेळ तसा उभा होतो कुणास ठाऊक. गाडी आली आणि गार्डानं दाजींना विचारलं, हा नवा सिग्नल कधी बसवला.

तेव्हापासनं आमचा धंदा सुरू झाला. शेंगा नि सरकी घेऊन तेरहून येडशीला जाणारे गाडीवान परत येताना दाजींचा निरोप आणायचे. निरोप तोंडी. "मच्छलीपट्टणच्या खाली दोन बोटं, दर्यात." मी लगेच बाभळीचा काटा घेऊन नकाशावर टोचायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा गाडीवान, नवीन जागा, दुसरा काटा, आणि दोन्ही काट्यांना अव्वाच्या वाकळंचा दोरा गुंडाळून वाट दाखवायची. अडचण एवढीच की गाडीवानाच्या बोटांवर वादळाचा प्रवास ठरायचा. जाड बोटांचा असला तर वादळ एका दिवसात अख्खा उपसागर ओलांडायचं, आणि बारीक बोटांचा असला तर ते जाग्यावर बसून राहायचं.

लांबच्या दर्यांची खबर मात्र वेगळ्या वाटेनं यायची. बार्शीहून येणारा किराणा जुन्या वर्तमानपत्रांत बांधलेला असायचा. अमेरिकेकडचं एक मोठं वादळ मला सुपारीच्या पुडीत सापडलं. किती घरं पडली ते वाचता आलं, पण पुढं काय झालं ते हळदीच्या पुडीत गेलं असावं, आणि हळद अव्वानं आधीच डब्यात ओतून कागद चुलीत घातलेला. तरी मी काटा टोचला. वादळ कधीचं ठार झालेलं असेल, पण आमच्या सोप्यात ते जिवंत होतं. चीनच्या बाजूची, अमेरिकेच्या बाजूची, मादागास्करकडची, जी सापडली ती मी घेतली. एखादा माणूस टपाल तिकिटं जमवतो, कुणी खापराच्या बाहुल्या. मी वादळं जमवली. त्यांना जागा कमी लागते.

गाव मला दर्यावाला म्हणायला लागलं. आधी चेष्टेनंच. पण एका हस्ताच्या नक्षत्रात लोकांनी भुईमूग उपटून रानात पसरला होता. मी पाटलाच्या ओट्यावर जाऊन सांगितलं की शेंगा गोळा करा, मच्छलीपट्टणहून पाणी निघालंय. निम्म्यांनी हसून दुर्लक्ष केलं, निम्म्यांनी गोळा केल्या. पाऊस आला. त्यानंतर माझं काही खरं नव्हतं. लोक शेंगा उपटायच्या आधी, मिरची वाळत घालायच्या आधी, पोरीची पाठवणी करायच्या आधी येऊन विचारायचे, "दर्यात काय हाय आज?" मी भिंतीपाशी उभा राहून, हात मागं बांधून सांगायचा. अप्पा एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बंगालच्या पान्यावर बारीक नजर हाय आमच्या लेकाची. हितं दावणीचं रेडकू सुटून हरभऱ्यात गेलं, त्ये तेवढं दिसंना झालंय."

मग लढाई आली, दुसरं महायुद्ध. पुड्यांच्या कागदात हवेचं एक अक्षर सापडेना झालं. गाडीवान विचारून यायचे आणि दाजींचा निरोप तोच: दर्या शांत आहे. एक महिना शांत, दुसरा महिना शांत. पावसाळा संपला तरी खलीज-ए-बंगालमध्ये एक काटा नाही. आता, दुसऱ्या कुणा शहाण्यानं विचार केला असता की काहीतरी चुकतंय. मी विचार केला नाही, मी सिद्धान्त मांडला. दिवाळीत अक्का आणि दाजी माहेरपणाला आले होते, गावातले चार लोक ओट्यावर होते. मी सांगितलं, की लढाईमुळं जहाजं फिरायची बंद झालीत. दर्या कुणी ढवळत नाही, म्हणून तो निवांत पडलाय. ताक घुसळलं नाही तर लोणी कुठनं येणार. लोकांना ते एकदम पटलं. एक म्हातारा म्हणाला, लढाईनं येवढं तरी बरं केलं म्हणायचं. दाजी माझ्या शेजारीच बसले होते, पान लावत. त्यांनी मान डोलावली. "असंल की," ते म्हणाले.

ती मान मी अजून विसरलेलो नाही.

आता माळवदाचं सांगायला पाहिजे. आमच्या भागात त्या वेळी घरावर कौलं नसायची. तुळया, त्यांच्यावर आडव्या फळ्या, फळ्यांवर पालापाचोळा आणि वर पांढऱ्या मातीचा हातभर थर, पाणी मारून चोपून बसवलेला. ते माळवद. पांढरी माती तेरला जुन्या टेकाडांतनं खणून आणायची. तिच्यात कुणा पूर्वीच्या लोकांचे मणी निघायचे, तेही मातीबरोबर आमच्या डोक्यावर चढायचे. आमचं माळवद जुनं झालं होतं आणि बरोबर बळदाच्या वर गळायचं. बळद म्हणजे भिंतीतच बांधलेली धान्याची कोठी. वर्षाचं खायचं आणि पेरायचं, सगळं तिच्यात. पावसाळ्यात अव्वा आम्हाला सारीपाटाच्या सोंगट्यांसारखी रोज वेगळ्या घरात झोपवायची, आणि स्वतः बळदापाशी पातेली बदलत बसायची. कितीतरी वर्षं ती अप्पांच्या मागं लागली होती. नवी साडी माग म्हटलं तरी ती माळवद मागायची. त्या वर्षी अप्पांनी एकदाच्या तुळया आणल्या. दिवाळी झाली की जुनं माळवद उकरायचं आणि येळवशीच्या आत नवं घालायचं असं ठरलं. येळवस ही मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. तोवर आकाश कोरडं असतं, पण मधेच बंगालचं पाणी घुसलं तर उघडं घर भिजून जातं.

अव्वानं मला बोलावलं. "दर्याचं नीट बघ," ती म्हणाली. "गाडीवानाच्या बोटावर नगं. सोता जा येडशीला, जावईबापूस्नी इचारून ये. आन् अक्काला म्हनावं, चार रोजानं ये, तुज्याबिगर माती पडायची न्हाय."

आमच्या घराची ही पद्धत. माळवदावर मातीची पहिली पाटी सासरी दिलेल्या लेकीनं टाकायची. पदर खोचून, शिडीनं वर चढून. ती पडली की मग बाकीचे गडी ओततात. परक्या घरी गेलेल्या हातानं टाकलेली माती घर धरून राहते, असं अव्वाच्या माहेरीही मानायचे. अव्वानं स्वतः तिच्या बापाच्या घरावर अशीच पाटी टाकलेली.

मी येडशीला गेलो. दाजी यंत्रापुढं बसले होते, हातात पेन्सिल. मी मुद्दाम सगळं सांगितलं, की अव्वाचं माळवद उघडायचंय, धान्य हलवायला दुसरी जागा नाही, बळदात तसंच राहणार, म्हणून विचारायला आलोय. ते यंत्राकडं बघत राहिले. कट्ट-कड चाललेलं होतं. मी म्हटलं, "दाजी, दर्यात काय?"

"शांत आहे," ते म्हणाले.

"खालच्या अंगालाही?"

"सांगितलं ना, शांत आहे."

मी खूश होऊन क्वार्टरात अक्काकडं गेलो. तिनं भाकरी वाढली. माळवदाचं कळल्यावर ती म्हणाली, येळवस झाल्यावर केलं तर नाही का चालणार. मी म्हटलं, तुला शिडी चढायचा कंटाळा आलाय, वजन वाढलंय तुझं. ती हसली नाही. निघताना रस्त्यापर्यंत आली, उगीच माझ्या धोतराचा सोगा नीट केला आणि म्हणाली, "अव्वाला म्हन, घाई करू नगं." घाई करू नको असं ती मला लहानपणापासनं म्हणत आलीय, जेवताना, पळताना, परीक्षेला जाताना. तो निरोप आहे असं मला वाटलंच नाही. घरी येऊन मी सांगितलं ते दाजींचं.

दुसऱ्या दिवशी जुनं माळवद उतरवायला सुरुवात झाली. घर वरनं उघडं पडलं की ते आपलं वाटतच नाही. चुलीवर ऊन, देवळीत ऊन, अव्वाच्या पेटीवर ऊन. अव्वा मात्र खुशीत होती. तुळया चढल्या, फळ्या बसल्या, वर पाला पसरला, अंगणात पांढऱ्या मातीचा ढीग तयार. उरलं होतं एका दिवसाचं काम, आणि ते अक्कासाठी थांबलं होतं. अक्का यायच्या दिवशी तिच्याऐवजी गाडीवान आला. लेकराला ताप आहे, येता येत नाही, म्हणाला.

अप्पा म्हणाले, शेजारची लेक माहेरी आलीय, तिच्या हातनं घेऊ. अव्वा कधी नव्हे ती त्यांच्यावर उसळली. "माजी लेक जित्ती असताना दुसऱ्याची लेक चढवू व्हय वर? उतरंल ताप. दोन रोज थांबू."

अप्पांनी गडी माघारी धाडले. दर्या शांतच होता ना.

त्या संध्याकाळी वारा फिरला. मी अंगणात होतो. ईशान्येकडनं येत होता, गार, आणि त्याला तो वास होता जो मला फलाटावर पहिल्यांदा आला होता. सवयीनं मी पाठ केली आणि डावा हात पसरला. हात गेला आग्नेयेला, सरळ मच्छलीपट्टणच्या वाटेवर. मी हाताकडं बघितलं. मग खाली घेतला. येडशीला तार आहे, यंत्र आहे, शिकलेला माणूस आहे, घरचा जावई आहे; आणि हिकडं माझा एक हात. माझ्या हातापेक्षा मी दाजींवर विश्वास ठेवला. ह्याचं मला आजही वाईट वाटत नाही. घरच्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर ठेवायचा कुणावर. वाईट वाटतं ते अक्काचं 'घाई करू नगं' मी घरी सांगितलं नाही ह्याचं.

पाऊस पहाटे सुरू झाला आणि थांबेचना. आम्ही फळ्यांवर घोंगड्या टाकल्या, वाकळा टाकल्या, कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. पाणी सगळ्यांतनं खाली आलं. मातीच्या भिंतींना वरनं टोपी नसली की त्या साखरेसारख्या उतरतात. बळदाची भिंत दुसऱ्या दिवशी फुगली आणि ज्वारी चिखलासकट सोप्यात आली. अव्वा घोंगडी पांघरून त्या ढिगाजवळ बसून राहिली आणि हातानं ज्वारी बाजूला करत राहिली, जशी काही निवडून संपणार होती. माझा नकाशा कधी ओघळला ते मी बघितलंसुद्धा नाही.

गावाचं काही बिघडलं नाही हे सांगायला पाहिजे. रानात रब्बीची ज्वारी उभी होती, तिला तो पाऊस सोन्यासारखा लागला. लोक खुशीत होते. येता-जाता आमच्याकडं बघून गप्प व्हायचे, आणि आमच्या घरापासनं पुढं गेले की पुन्हा हसत बोलायला लागायचे. त्यांनाही काय म्हणणार. कुणी मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

उघडीप झाल्यावर तोच गाडीवान मदतीला आला. भिजलेली पोती उचलून बाहेर टाकता टाकता तो सहज बोलला, "तुमच्या दाजीच्या गावाकडं बरं झालं बगा. त्येंच्या शेंगा समद्या घरात. निरोप म्याच पोचवला की."

अव्वाचा हात थांबला. "कसला निरोप?"

"शेंगा आत घ्या, पानी येतंय म्हनून. दाजीनीच सांगिटलं. त्येंच्या भावाला दिला निरोप, मग हिकडं आलो लेकराच्या तापाचं सांगाया. येकाच खेपंला."

अप्पांनी विचारलं, की मग हे आम्हाला का नाही सांगितलंस. गाडीवान गडबडला. माझ्याकडं बघून म्हणाला, "दर्यावाल्याच्या घरी म्या काय दर्या सांगू, अप्पा? मला वाटलं तुमाला आधी म्हाईत आसंल."

 मी उठून अंगणातल्या मातीच्या ढिगाकडं गेलो, त्याचा आता चिखल झाला होता. आणि तिथं उभं राहिल्यावर मला एकेक करून सगळे 'शांत' आठवायला लागले. आषाढातला शांत, श्रावणातला शांत, नवरात्रातला शांत. म्हणजे खलीज-ए-बंगाल त्या सबंध वर्षात एक दिवसही निवांत नसेल, आणि मी कोऱ्या नकाशापुढं उभं राहून गावाला ताक आणि लोण्याचं सांगत होतो, शेजारी पान लावत बसलेल्या माणसाला सगळं ठाऊक असताना. त्या वेळी माळवदाआधी मला त्याचीच जास्त लाज वाटली. मी असाच आहे, काय करणार.

आठवड्यानं दाजी आणि अक्का आले. लेकरू ठणठणीत होतं, अंगणात आल्या आल्या चिखलात खेळायला बसलं. दाजींना बसायला आम्ही उलटी पाटी दिली, दुसरं कोरडं काही नव्हतं. ते खाली बघत बोलले. लढाई सुरू झाल्यावर हुकूम आला होता, हवेची तार कुणाला बोलायची नाही. कुठल्या दर्यात वादळ आहे हे शत्रूला कळलं तर जहाजांची वाट कळते. जीभ घसरली तर नोकरी जाते, वर तुरुंग.

मी म्हटलं, "मग तुमच्या भावाला कसं कळलं, दाजी?"

"तो कुणाला बोलत नाही."

"आणि मी?"

ते पहिल्यांदा वर बघून म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर दिवेलागणीपर्यंत गावात दवंडी झाली असती. भिंतीवर काटा टोचून, लोक जमवून बसला असतास. खोटं सांगतोय का मी?"

"सांगता येत नाही, एवढं तरी म्हणायचं होतं. मी समजलो असतो."

"ते म्हणजे सांगितल्यासारखंच झालं."

ह्यावर मला अजूनही चांगलं उत्तर सुचलेलं नाही. कितीदा तरी ही हकिकत घरात सांगितली, आणि प्रत्येक वेळी इथं आल्यावर मी दाजींना एक नवं उत्तर देतो. मुलं म्हणतात, मागच्या वेळी तुम्ही वेगळंच बोलला होता. खरं म्हणजे त्या दिवशी मी काहीच बोललो नाही. ते म्हणाले ते निम्मं खरं होतं. पण शांत आहे, हे शब्द त्यांना कुठल्या हुकमानं म्हणायला लावले नव्हते. ते त्यांनी स्वतः निवडले, माझ्या अव्वाच्या बळदात काय आहे ते ऐकून घेतल्यावर.

अव्वानं जावयाला एक शब्द विचारला नाही. तिनं अक्काला पडलेल्या भिंतीपाशी बोलावलं.

"तुला ठावं होतं?"

अक्का म्हणाली, "व्हय."

"लेकराला ताप न्हवता."

"न्हवता. ह्येंनी शपथ घातली हुती, बोलायचं न्हाय म्हनून. अव्वा, मला वाटलं, म्या आले न्हाय तर तू माळवद उघडायचीच न्हाईस. म्या आल्याबिगर माती पडत न्हाय, म्हनून तू थांबशील. म्हनून तापाचं सांगून धाडलं."

अव्वानं भिंतीच्या चिखलाला हात लावला. मग म्हणाली, "तुजा निरोप आला तवा वरचं समदं उतरून झालतं. फकस्त माती ऱ्हायली हुती. येका दिसाचं काम. तुज्यासाटी थांबले म्या."

 मला वाटलं, आता दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतील. आमच्याकडं शेवटी तसंच होतं. पण अव्वा उठली, चुलीला आडोसा करून भाकरी थापायला बसली आणि जावयाला जेवायला वाढलं. तूप नव्हतं, बाकी सगळं होतं.

उन्हाळ्यात भिंती पुन्हा घातल्या आणि वैशाखात माळवद. ह्या वेळी दर्यात काय आहे हे कुणी मला विचारलं नाही आणि मी येडशीला गेलो नाही. अक्काला निरोप धाडायचा का, असं अप्पांनी एकदा विचारलं. अव्वा म्हणाली, धाडा की, जेवायला येऊ दे. अक्का पहिल्या गाडीनं निघून, पुढं बैलगाडीनं, उन्हं वर यायच्या आत आली. पदर खोचूनच आली होती. दारात येऊन तिनं वर बघितलं. माती पडून गेली होती. रोजानं लावलेल्या बायका वर उभ्या राहून चोपत होत्या, पाणी ओघळत होतं. पहिली पाटी अव्वानं स्वतः, उजाडायच्या आधी, टाकली होती. त्या वयात शिडी चढून. मी खालनं शिडी धरली होती, म्हणून मला ठाऊक.  खोचलेला पदर अक्कानं सोडला आणि नीट डोक्यावर घेतला, पाहुणी घेते तसा. अव्वानं तिची ओटी भरली, पुरणाचं जेवण घातलं, लेकराच्या हातावर गूळ ठेवला. सगळं जिथल्या तिथं झालं.

लढाई संपल्यावर दाजींनी पुन्हा गाडीवानांबरोबर निरोप धाडायला सुरुवात केली. मच्छलीपट्टणच्या खाली चार बोटं, वगैरे. मी गाडीवानाला पाणी द्यायचा, बरं म्हणायचा. नवा नकाशा काही मी आणला नाही. दाजी मला वाईट माणूस वाटले असं नाही. पुढं माझ्या थोरल्याच्या नोकरीसाठी त्यांनीच खटपट केली. पण ते काही सांगायला लागले, अगदी गाडी वेळेवर आहे एवढं जरी सांगितलं, तरी मी स्टेशनवर लवकर जाऊन बसायचा.

ते माळवद चांगलं झालं. अव्वाच्या हयातीत एक थेंब गळला नाही. अक्का सणावाराला यायची, हसायची-बोलायची, सकाळी आली की संध्याकाळी निघायची. अव्वा तिला राहा म्हणायची. ती म्हणायची, लेकरांची शाळा हाय. लेकरं मोठी झाली, त्यांच्या शाळा संपल्या, तरी ती तेच सांगायची, आणि अव्वाही पुन्हा आग्रह करायची नाही.